आधी संडास, मग इमारत : ऑनलाईन देणगी सेवा वर्षभर वापरून

पाचपैकी साडेतीन. आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका होईल. एक अख्खा गुण कुठं कापला आणि अर्धा कुठं, ते पुढं येईलच.

सेवेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी लिहायच्या आहेत आणि व्यवहार अजून चालू आहे. शिवाय चौकशी केली तेव्हा यातल्या बऱ्याच कंपन्यांची तऱ्हा सारखीच दिसली. तुमच्या संस्थेचं एक पान उघडून देतात, देणाऱ्यानं मोबाईलवरून पैसे भरायचे, पावती आपोआप जाते आणि दोन-तीन दिवसांत रक्कम संस्थेच्या खात्यात पडते.

मी गावच्या पीकेपीएसमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सहकारी सोसायटीत, एकतीस वर्षं क्लार्क होतो. रिटायर झालो आणि वाचनालयाचं खजिनदारपद गळ्यात पडलं. गाव बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगड दिसतो त्या बाजूचं. मराठी पुस्तकं साडेचार हजार, कन्नड सातशेच्या आसपास, आणि माडीवर अभ्यासिका. संध्याकाळी तिथं पीयूसीच्या (म्हणजे अकरावी-बारावीच्या), नर्सिंगच्या, पोलीस भरतीच्या मुली बसतात. घरी टीव्ही आणि पाहुणे, म्हणून इथं येतात.

आमच्या प्रोसिडिंग बुकात २०११ पासून ‘इमारत निधी, उद्दिष्ट २५ लाख’ असा ठराव होता. खात्यात शिल्लक ६१ हजार. दर वार्षिक सभेत तो ठराव वाचायचा, चहा प्यायचा, घरी जायचं. दोन वर्षांपूर्वी अक्का अध्यक्ष झाल्या. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, आवाज बारीक, खरं बोलणं तिखट. (आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे पुण्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावं.) पहिल्याच मीटिंगला त्यांनी विचारलं, “पोरी संध्याकाळी तीन-तीन तास पाणी पीत नाहीत, माहीत आहे काय तुम्हाला?”

नव्हतं माहीत. वाचनालयाला संडासच नव्हता. पोरं मागच्या शेताकडं जायची. पोरी पाणी पिणं बंद करायच्या. आम्ही अकरा पुरुष तेरा वर्षं पंचवीस लाखांच्या इमारतीचा ठराव वाचत बसलो होतो.

“इमारत राहू दे,” अक्का म्हणाल्या. “आधी संडास बांधतो मी.” बायकाही इकडं ‘बांधतो’च म्हणतात, दुरुस्त करायला जाऊ नका.

गवंड्याकडून अंदाज काढला. दोन संडास, एक मोरी, सेप्टिक टँक, वर पाण्याची टाकी : १ लाख ८० हजार. मग नेहमीच्या वाटेनं निघालो, म्हणजे मोठ्या माणसांकडं. एक कंत्राटदार, गावचेच, पन्नास हजार द्यायला एका पायावर तयार. “देतो की, खरं फरशीवर नाव कुठं येणार ते सांगा.” अक्कांनी सांगितलं, संडासाच्या भिंतीवर. गृहस्थ खूप वेळ गप्प बसले. “नको हो अक्का, लोक हसतील. हॉल बांधाल तेव्हा या.” उद्यमबागेतल्या दोन फौंड्रीवाल्यांनी चहा दिला आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चायचा कायदा, आम्हाला लागू नाही म्हणून सांगितलं. ते खोटं बोलले नाहीत. वर्षाचा निव्वळ नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नेटवर्थ पाचशे कोटी असेल तरच कंपनीला तो दोन टक्क्यांचा नियम लागतो. वर संस्थेनं सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला असावा लागतो. आमच्याकडं तोही नव्हता.

म्हणजे राहिले लहान लोक. आता लहान लोकांकडून गोळा करणं ही आमच्या मुलखाला काही नवी गोष्ट नव्हे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आमच्या गावातही सुगीला घरटी पायलीभर भात वाचनालयाला यायचं. माझे वडील पोतं घेऊन फिरायचे. खरं आता निम्मं गाव शेत कुळाला लावून बेळगावात नाहीतर पुण्या-गोव्याला. पायली कुणाकडं मागायची? त्या माणसांपर्यंत पोचायला म्हणून ही सेवा घेतली.

खातं उघडायला सव्वीस दिवस लागले. त्यातले आठ-दहा आमच्या चुकीचे, बाकीचे त्यांच्या. आमची संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखालची. नोंदणीचा दाखला कन्नडमध्ये. कमिटीचा ठराव मराठीत. कागद तपासणारी मंडळी कुठल्या शहरात बसलेली, त्यांना दोन्ही इंग्रजीत हवं, नोटरीच्या शिक्क्यासह. कोर्टाजवळच्या एका टायपिस्टानं दोन्ही भाषांतरं करून दिली आणि हसून म्हणाला, एका वाचनालयासाठी तीन भाषा, तुम्ही तर विधानसभाच चालवताय. मग पॅनवर ‘वाचनालय’च्या इंग्रजी स्पेलिंगात शेवटी एक ‘ए’ जादा आणि बँक पासबुकात तो नाही, म्हणून परत सगळं फिरलं. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी पॅन, पासबुक, आयकर खात्याचे १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला करसवलत) हे कागद आणि नोंदणीचा दाखला एका ओळीत मांडून आधी अक्षर न् अक्षर जुळवावं. आम्ही जुळवलं नव्हतं.

त्यानंतर आली आमच्या सीमेवरची खास गंमत. पान तयार करताना राज्य विचारतात. कर्नाटक निवडलं की भाषा आपोआप कन्नड, नाहीतर इंग्रजी. मराठीचा पर्याय दिसेचना. माझ्या भाच्यानं महाराष्ट्र निवडून बघितलं, लगेच मराठी हजर. खरं मग पत्ता खोटा पडतो आणि ८०जीच्या पावतीवर खोटा पत्ता छापून कसा चालेल? फोन केला. पलीकडच्या मुलीनं हिंदीत समजावलं, की सर, कर्नाटकात तर कन्नड चालतं ना. चालतं की. शेजारच्या गावचे कन्नड दूधवाले आमच्या पानावरून कन्नडमध्येच पाचशे रुपये भरून गेले, आम्हाला आनंदच झाला. खरं आमच्या गल्लीतल्या काकूंना मराठी लागतं. राज्य आणि भाषा यांचे दोन वेगळे रकाने ठेवा, एवढंच मागणं होतं. चार महिने गेले. शेवटी मराठी दिसायला लागली, ती अर्धीच : वरचा मजकूर मराठी आणि पैसे भरायचं पान इंग्रजी. नेमकं जिथं माणूस घाबरतो तिथं इंग्रजी.

अर्धा गुण इथं गेला.

पान लिहून द्यायला त्यांचा एक माणूस असतो. तरुण, गोड बोलणारा, कोल्हापूरकडचा निघाला, त्यामुळं जीव जरा भांड्यात पडला. त्यानं सुचवलं, एखाद्या मुलीचा उदास चेहऱ्याचा फोटो टाका, शक्यतो डोळ्यांत पाणी; अशा पानांना जास्त पैसे येतात. अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला. “आमच्या पोरी रडत नाहीत, अभ्यास करतात. रडका फोटो मिळणार नाही.” मग आम्ही गवंड्याचा नकाशा टाकला, हातानं काढलेला, मापांसकट, आणि खाली हिशेब : एक विटांची खेप एवढ्याची, एक दार एवढ्याचं, एक भांडं एवढ्याचं. फोटो म्हणून रिकामी जागा आणि तिथं उभी असलेली फुटकी बादली. पैसे कमी आले की जास्त, सांगता येणार नाही, कारण रडका फोटो लावून बघितलाच नाही. खरं मस्कतला असलेल्या आमच्या एका मुलानं ‘दोन दारं माझी’ असं लिहून पैसे पाठवले, ते त्या हिशेबामुळंच.

त्याच्यावरून आठवलं. परदेशातून पैसे घेण्याच्या बाबतीत सेवा चोख आहे. मस्कतच्या मुलाकडं भारतीय पासपोर्ट, त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या एका मास्तरांच्या लेकाला पानानं पासपोर्ट विचारला आणि तिथंच थांबवला. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसताना त्याचे पैसे घेतले असते तर आम्हीच अडकलो असतो. ती नोंदणी आमच्यासारख्यांना मिळायची म्हणजे आधीच्या तीन वर्षांत पंधरा लाख तरी समाजकामावर खर्च केलेले दाखवावे लागतात, आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत घ्यावे लागतात. तो लेक जरा रागावला. डिसेंबरात गावी आला तेव्हा मास्तरांनी आपल्या पेन्शनीतून भरले.

आता टीप, म्हणजे देणाऱ्याकडून कंपनी स्वतःसाठी वर मागते ती बक्षिसी. एक अख्खा गुण तिथं गेला आणि मला वाटतं मी तरी दयाच दाखवली.

संस्थेकडून ही कंपनी शंभर रुपयांमागं तीन रुपये घेते, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३ रुपये ५४ पैसे. ते करारात लिहिलंय, आम्ही सही केली, तक्रार नाही. खरं पैसे भरताना देणाऱ्यालाही खाली एक पट्टी दिसते, ‘आमच्या कामाला हातभार लावा’ असली, आणि ती आधीपासूनच १४ टक्क्यांवर सरकवून ठेवलेली. शून्यावर आणता येते, पण त्यासाठी आधी ती दिसायला हवी. खडेबाजारात कापडाचं दुकान असलेल्या एका जुन्या सभासदानं पाचशे भरले आणि खात्यातून ५७० गेले. त्यांनी मला फोन केला, “खजिनदार, सत्तर रुपये कशाचे हो? संडासात जीएसटी लावलात काय?” चेष्टेत म्हणाले, खरं मला रात्रभर झोप आली नाही. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाची मोजदाद केली, कुणी सत्तर रुपयांसाठी बोट दाखवलं नव्हतं. ते पैसे परत मिळायला नऊ दिवस आणि चार मेल लागले. दुसऱ्या दिवशी अक्कांनी गल्लीतल्या चार पोरींना बसवून एक कागद तयार केला : ‘पैसे भरताना खालची पट्टी डावीकडं शून्यावर न्या.’ बाण काढून. तो कागद पानाच्या दुव्यासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. कंपनीला हे आवडलं नसणार.

पेटीचे एक जुने मास्तर आहेत आमच्याकडं, डोळ्यांनी अधू नव्हे, पूर्ण अंध. मोबाईल बोलतो, त्यावरून त्यांचं सगळं चालतं, वीजबिलसुद्धा. आमचं पान उघडलं तर फोन म्हणतो, “बटन. बटन. बटन.” कुठलं शंभरचं, कुठलं पाचशेचं, काही कळेना. मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलं ते. त्यांनी फोन खाली ठेवला आणि खिशातून तीनशे रुपये काढून दिले, “घ्या, हे तरी बोलल्याशिवाय कळतात, नोटेच्या लांबीवरून.” मी कंपनीला लिहिलं. दोन महिन्यांनी रकमेची बटणं बोलायला लागली, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. टिपेची पट्टी मात्र अजून मुकी आहे. म्हणजे आंधळ्या माणसाला चौदा टक्के टाळताच येत नाहीत.

सेवेची उत्तम वस्तू कोणती म्हणाल तर क्यूआरचा साधा बोर्ड. त्यावरून यूपीआयनं आलेल्या पैशावर त्यांनी काही कापलं नाही, टीप नाही, इंग्रजी पान नाही. स्कॅन केलं, रक्कम टाकली, झालं. गणपतीत तो बोर्ड मंडपात ठेवला, नंतर गिरणीत, नंतर दूध डेअरीत. सोबत पैसे आल्याचं ओरडून सांगणारी पेटी देत होते, दुकानात असते ती. मी घेऊया म्हणत होतो, हिशेबाला बरं. अक्कांनी साफ नको म्हटलं. “एकवीस रुपये आले म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं की दुसऱ्या दिवशी ती बाई बोर्डापुढून मान खाली घालून जाणार.” त्याच मीटिंगला भिंतीवर ५००१ च्या वरच्या देणगीदारांची नावं रंगवायची पद्धतही त्यांनी मोडली. आता सगळ्यांची नावं लागतात, आकड्याशिवाय, आल्या क्रमानं. दोन जुने सभासद यावरून रुसले आहेत. अजून रुसलेलेच आहेत.

बटणाच्या फोनवाल्यांसाठी मात्र काही नाही. यूपीआयची १२३पे सोय २०२२ पासून आहे, तिच्यावरून साध्या फोननंही पैसे जातात, खरं या सेवेत ती जोडलेली नाही. अशा घरांत अक्का आणि मी पावती पुस्तक घेऊन गेलो. जुना कार्बन, जुनी सवय.

क्लार्क म्हणून माझं मन जिंकलं ते पावत्यांनी. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचं १०बीडी विवरण ३१ मेच्या आत आयकर खात्याला भरावं लागतं, उशीर झाला की दिवसाला दोनशे रुपये. त्यातून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र देणाऱ्याच्या हातात गेलं नाही तर त्याला सूट मिळत नाही. आदल्या वर्षी ते मी हातानं केलं होतं, चष्म्याचा नंबर वाढला. या वेळी सेवेतून बरोबर त्याच नमुन्यात एक्सेल निघालं, मी फक्त रोखीची नावं भरली आणि २३ मे रोजी चढवून मोकळा झालो. दोन हजाराच्या वर रोख दिलं तर ८०जी मिळत नाही, हे पान आधीच सांगतं, त्यामुळं भांडणं वाचली. नाव लपवायचं असेल तर ‘गुप्तदान’वर खूण करता येते, बाहेर नाव दिसत नाही, खरं आमच्या यादीत येतं. ते यायलाच हवं, कारण निनावी देणग्या मर्यादेपलीकडं गेल्या की त्यांवर तीस टक्के कर बसतो. भाचा म्हणतो, मामा, मी नव्या करपद्धतीत आहे, मला ८०जीचा काय उपयोग? काही नाही. त्यानं तरी दिले.

दर महिन्याला १०१ रुपये आपोआप कापून जाण्याची सोय घेतली, त्यात फसलो नाही तरी पडलो. एकोणीस जण तयार झाले. पैसे कापायच्या आदल्या दिवशी बँकेकडून सूचना जाते, तसा नियमच आहे, खरं ती इंग्रजीत. सहा जणांना वाटलं फसवाफसवीचा मेसेज, त्यांनी घाबरून बंद करून टाकलं. उरले तेरा. तेरा म्हणजे महिन्याला १,३१३ रुपये, त्यात वीज आणि दोन वर्तमानपत्रं निघतात. वाईट नाही.

हिशेब असा. पानावरून ९७ जणांनी १,०८,४०० रुपये दिले. क्यूआरवरून २८१ जणांनी ५२,२५०, त्यातल्या १६० जणांची रक्कम १०१ किंवा त्याहून कमी. दारोदार रोख ३४,०००. एकूण १,९४,६५०. कंपनीनं ३,८३७ घेतले. बांधकाम १,८८,२०० ला झालं, अंदाजापेक्षा आठ हजार जास्त, कारण खड्ड्याला खाली दगड लागला. उरलेल्या २,६१३ रुपयांतून फिनेल, झाडू, एक नळ. फेब्रुवारीत काम पुरं झालं. उद्घाटन केलं नाही. अक्का म्हणाल्या, संडासाची फीत कोण कापतो? किल्ली माडीवर खिळ्याला टांगली.

क्यूआरचे २८१ जण पेटीत आपोआप पडले असं समजू नका. बोर्ड गिरणीत पंधरा दिवस नुसता होता, त्या पंधरवड्यात नऊ जणांनी दिले. मग अक्का दळण घेऊन रांगेत उभ्या राहायला लागल्या आणि बायकांना बोर्ड कशाचा आहे ते सांगायला लागल्या. पुढच्या पंधरवड्यात सत्तर. ही गोष्ट कंपनीच्या अहवालात ‘क्यूआर प्रतिसादात वाढ’ अशी आली आहे, रंगीत आलेखासकट.

तर घ्यावी का? तुमच्या संस्थेकडं ८०जी असेल, बाहेरगावी गेलेली माणसं असतील आणि कागद जुळवायला एक चिकट म्हातारा असेल, तर जरूर घ्या. नुसत्या गावातल्या गावात मागायचं असेल तर बँकेचा क्यूआर आणि पावती पुस्तक पुरे.

कंपनीशी असलेल्या कराराचं नूतनीकरण याच जूनमध्ये आहे. ठराव मी लिहून ठेवलाय, या वेळी तीन भाषांत. सही अजून व्हायची आहे. टिपेची पट्टी आमच्या पानावर शून्यावर ठेवू, असं त्यांच्याकडून लेखी यायचं आहे, आणि अक्कांनी सांगितलंय की ते येईपर्यंत शिक्का कपाटाबाहेर काढायचा नाही.